फोटॉन खरा की तोतया : घरच्या लॅपटॉपवर बी मेसॉनचा रेडिएटिव्ह डीके कसा तपासायचा

मागच्या दिवाळीत इंदूरला घरी होतो, सकाळी पोहे-जिलबीवर बसलो होतो, तेवढ्यात सुदामा नगरातून आतेबहीण आली, एमएस्सी फिजिक्सचं तिसरं सेमिस्टर चाललंय तिचं. पोह्यांवर जीरावन भुरभुरता भुरभुरता म्हणाली, "दादा, गाईडने प्रोजेक्ट दिलाय, हेवी मेसॉनचे रेडिएटिव्ह डीके, आणि मला त्यातलं एवढंच कळलंय की शेवटी एक फोटॉन निघतो." म्हटलं अगं, तेवढंच आहे खरं तर, बाकी सगळं काम त्या फोटॉनची कुंडली काढण्याचं. मग चार दिवस तिला जे बसून सांगितलं तेच इथे लिहून ठेवतोय, कारण दरवर्षी कुणी ना कुणी हेच विचारतं आणि प्रत्येकाला परत पहिल्यापासून सांगायचा मला कंटाळा येतो.

आधी थोडक्यात, हे आहे काय. डीके म्हणजे एक कण मरतो आणि त्याच्या जागी दुसरे हलके कण येतात, आणि त्यात फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण निघाला तर तो डीके रेडिएटिव्ह. बी मेसॉन म्हणजे एक जड बॉटम क्वार्क आणि त्याच्याबरोबर एक हलका अँटीक्वार्क (किंवा उलट), वस्तुमान ५.२७९ जीईव्ही, म्हणजे प्रोटॉनच्या साडेपाचपट (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, एमईव्ही त्याचा हजारावा भाग, वस्तुमान आणि ऊर्जा दोन्ही आपण यातच मोजतो). कधीतरी, फारच क्वचित, त्यातला बॉटम क्वार्क स्ट्रेंज क्वार्क होतो आणि एक फोटॉन फेकतो. हे थेट होत नाही, मध्ये टॉप क्वार्क आणि डब्ल्यू बोसॉनचं एक लूप लागतं. त्या आकृतीला पेंग्विन म्हणतात, १९७७ मध्ये जॉन एलिस डार्ट्सच्या खेळात पैज हरले म्हणून त्यांना पुढच्या पेपरात हा शब्द घुसवावा लागला, पेंग्विनसारखी ती फारशी दिसत नाही हे तुम्हीही कबूल कराल. मजा ही की लूपमध्ये आपल्याला अजून न सापडलेला एखादा जड कणही फिरत असू शकतो, आणि तसं असलं तर हा डीके हिशेबापेक्षा कमी-जास्त वेळा दिसेल. म्हणून लोक तीस वर्षं याच्या मागे लागलेत. सगळ्यात पहिल्यांदा १९९३ मध्ये कॉर्नेलच्या क्लिओ प्रयोगाने बी ते के-स्टार-गॅमा हा डीके पकडला (के-स्टार म्हणजे स्ट्रेंज क्वार्कवाला हलका मेसॉन, गॅमा म्हणजे फोटॉन), तेव्हा हातात मोजून तेरा इव्हेंट, म्हणजे तेरा टकरींच्या नोंदी, होत्या. आज आपल्याला माहीत आहे की एक लाख बी मेसॉनमागे साधारण चार जण असे मरतात.

तुम्ही सुरुवात याच डीकेपासून करा. बाकीचे आहेत, डीएस-स्टार (चार्म आणि स्ट्रेंज क्वार्कचा मेसॉन) आहे जो शंभरातून त्र्याण्णव-चौऱ्याण्णव वेळा फोटॉनच टाकतो, चार्मोनियमचे, म्हणजे चार्म-अँटीचार्म जोडीचे, काय-सी वगैरे आहेत, पण के-स्टार-गॅमा हा यातला वरण-भात आहे, तो जमला की बाकीचे जमतात.

पहिलं काम लॅपटॉप न उघडता. पार्टिकल डेटा ग्रुपच्या साइटवरून (किंवा त्यांची छोटी पुस्तिका फुकट मागवता येते, ती घरी असू द्या) दोन वस्तुमानं घ्या, बी ५.२७९ आणि के-स्टार ०.८९५. आता कागदावर काढा की बी स्थिर असताना फोटॉनला किती ऊर्जा मिळेल. टू-बॉडी डीके आहे, म्हणजे दोनच कण निघतात, त्यामुळे उत्तर एकच येतं: बी वस्तुमानाचा वर्ग वजा के-स्टार वस्तुमानाचा वर्ग, भागिले बी वस्तुमानाची दुप्पट. २७.८७ मधून ०.८० गेले, २७.०७, भागिले १०.५६, आलं २.५६ जीईव्ही. हा आकडा पाठ करा, पुढे प्रत्येक प्लॉटवर तो तुम्हाला भेटणार आहे.

आणि इंदूरवाल्यांसाठी एक गंमत. कॅटमध्ये, म्हणजे आपल्या राजा रामण्णा केंद्रात, जी इंडस-२ रिंग आहे तिच्यात इलेक्ट्रॉन २.५ जीईव्हीलाच फिरतात, १७२ मीटरच्या वर्तुळात. म्हणजे तिथे एवढी मोठी मशीन लावून एका इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा देतात तेवढी जवळजवळ इथे एक बी मेसॉन मरताना एका फोटॉनला देऊन जातो. बहिणीने लगेच विचारलं, मग बी मेसॉन कॅटमध्येच का नाही बनवत? कारण इंडस-२ मध्ये टक्कर होत नाही, ती सिंक्रोट्रॉन लाइट काढायची मशीन आहे. बी मेसॉनची जोडी हवी तर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आदळून १०.५८ जीईव्ही जमवावे लागतात, तेव्हा अप्सिलॉन-४एस (बॉटम-अँटीबॉटमचा जड कण) बनतो आणि तो लगेच दोन बी मेसॉनमध्ये फुटतो. जपानमध्ये त्सुकुबाला हे चालतं, आधी बेल, आता बेल-टू, तिथे ७ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन आणि ४ जीईव्हीचे पॉझिट्रॉन असतात. (बेल-टूच्या सिलिकॉन डिटेक्टरचा चौथा थर मुंबईच्या टीआयएफआरवाल्यांनी बनवलाय, घरच्यांना प्रोजेक्ट समजावताना हे सांगा, लगेच मान मिळतो.)

आता डेटा. जो मुलगा विचारतो तो आधी "डेटा कुठून डाउनलोड करू" हेच विचारतो. थांबा ना भिया. प्रयोगाचा खरा डेटा तुम्हाला पहिल्या महिन्यात लागतच नाही. आधी स्वतः खोटा डेटा बनवा, कारण खोट्या डेटामध्ये खरं उत्तर तुम्हाला माहीत असतं आणि आपली पद्धत ते उत्तर परत काढते का हे बघता येतं. पायथन, नमपाय आणि एक साधा लॅपटॉप पुरतो, आठ जीबी रॅमवर निवांत चालतं. बहिणीच्या लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजत होता पण एक लाख इव्हेंट एका मिनिटात आले.

बनवायचं कसं: अप्सिलॉन स्थिर आहे असं धरा, त्यातून बी निघतो, त्याचं मोमेंटम फक्त ०.३३ जीईव्हीच्या आसपास, म्हणजे बी जवळजवळ जागेवरच उभा असतो. दिशा रँडम. बी फोडा, के-स्टार आणि फोटॉन विरुद्ध दिशांना. के-स्टारचं वस्तुमान दर वेळी थोडं वेगळं घ्या, त्याची रुंदी पन्नासेक एमईव्ही आहे, ब्राइट-विग्नरमधून काढा. मग के-स्टार फोडून केऑन आणि पायॉन (दोन्ही हलके मेसॉन, केऑनमध्ये स्ट्रेंज क्वार्क असतो). सगळं बूस्ट, म्हणजे लोरेन्ट्झ ट्रान्सफॉर्म, करून परत मूळ फ्रेममध्ये आणा. बी थोडासा हलत असल्यामुळे फोटॉन आता एका रेषेवर न राहता २.४ ते २.७ जीईव्हीमध्ये पसरलेला दिसेल, दिसला नाही तर बूस्टमध्ये चिन्ह उलटं पडलंय, नेहमी तिथेच पडतं. शेवटी डिटेक्टरचा अंधुकपणा घाला: फोटॉनच्या ऊर्जेला दोनेक टक्के गॉशियन, ट्रॅकच्या, म्हणजे चार्ज्ड कणांच्या, मोमेंटमला अर्धा टक्का. पुढे हात बसला की ईव्हीटीजेन नावाचं जनरेटर शिका, बी फिजिक्सवाले सगळे तेच वापरतात, त्यात स्केलर ते व्हेक्टर अधिक फोटॉन असं तयार मॉडेलच आहे. पण पहिल्यांदा हाताने करा, नाहीतर मशीन काय करतेय ते कळणार नाही आणि व्हायवामध्ये तेच विचारतात.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हा सगळा लेख.

डिटेक्टरमध्ये अडीच जीईव्हीचा फोटॉन दिसला. कुणाचा? तुम्ही म्हणाल बीचा. अहो पण जिथे जिथे क्वार्क आहेत तिथे न्यूट्रल पायॉन ढिगाने असतात आणि जवळजवळ प्रत्येक न्यूट्रल पायॉन दोन फोटॉन टाकून मरतो. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तसा हा पायॉन आहे, चेहरा तोच, चाल तीच, आणि दरबारातली निम्मी माणसं त्याला मुजरा करून मोकळी होतात. त्याच्या पाठोपाठ ईटा मेसॉन, तोही दोन फोटॉन टाकतो. रेडिएटिव्ह डीकेचा अभ्यास म्हणजे ऐंशी टक्के या दोघांना ओळखून बाहेर काढणं, हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

ओळखायचं असं. तुमचा उमेदवार फोटॉन घ्या, त्याच इव्हेंटमधला दुसरा प्रत्येक फोटॉन एकेक करून त्याच्याबरोबर जोडा आणि जोडीचं वस्तुमान काढा. कुठल्याही जोडीचं १३५ एमईव्हीच्या आसपास आलं तर हा पायॉनचा मुलगा, ५४८ च्या आसपास आलं तर ईटाचा. टाका बाहेर. याला पाय-झीरो व्हेटो म्हणतात. सोपं वाटतं, पण दोन बाजूंनी कातरी लागते. एक, इव्हेंटमध्ये कमी ऊर्जेचे फोटॉन इतके असतात की त्यातला एखादा अपघाताने तुमच्या खऱ्या फोटॉनशी जुळून १३५ देतो आणि तुम्ही चांगला सिग्नल घालवून बसता. म्हणून लोक नुसतं वस्तुमान बघत नाहीत, दुसऱ्या फोटॉनची ऊर्जा आणि तो डिटेक्टरच्या कुठल्या भागात पडलाय हेही बघून एक प्रॉबॅबिलिटी काढतात आणि कट, म्हणजे ठेवायचं की टाकायचं याची मर्यादा, तिच्यावर लावतात.

दुसरी बाजू जास्त बोचणारी आहे, ती बहिणीला कागदावर करून दाखवली तेव्हा तिचा चहा निवला. २.७ जीईव्हीचा एक पायॉन घ्या. तो दोन फोटॉनमध्ये ऊर्जा वाटतो, पण सारखी नाही वाटत, पायॉनचा स्पिन शून्य असल्यामुळे त्याला कुठलीच दिशा लाडकी नसते आणि त्याचा परिणाम असा की एका फोटॉनची ऊर्जा शून्यापासून जवळजवळ २.७ पर्यंत कुठेही, सगळीकडे सारख्याच शक्यतेने येते. सपाट, पाटासारखी. आता समजा तुमचा डिटेक्टर ५० एमईव्हीच्या खालचा फोटॉन धरत नाही, गोंगाटात बुडतो. तर एखादा फोटॉन ५० च्या खाली जायची शक्यता किती? ५० भागिले २७००, आणि दोन्ही फोटॉनपैकी कुणीही असू शकतो म्हणून गुणिले दोन, आले ३.७ टक्के. म्हणजे डिटेक्टरला एकही भोक नसलं, व्हेटो अगदी परफेक्ट असला, तरी शंभरातले जवळजवळ चार पायॉन आपली सगळी ऊर्जा एकाच फोटॉनला देऊन तुमच्यासमोर साळसूदपणे उभे राहणार आणि त्यांना पकडायला काहीच साधन नाही. पायॉन लाखांनी आहेत आणि सिग्नल मुठीत मावेल एवढा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे कट का लावतात ते आपोआप कळतं.

तुमच्या खोट्या डेटामध्येही हे करून बघा. पायॉन बनवा, फोडा, कमी ऊर्जेचा फोटॉन फेकून द्या, जास्त ऊर्जेचा ठेवा. हिस्टोग्राम खरोखर सपाट येतो, बघायला छान वाटतं.

मग पुढचा शत्रू, कंटिन्युअम. टक्कर झाली की दर वेळी बीची जोडी बनत नाही, बहुतेक वेळा हलके क्वार्क बनतात, बीच्या जोडीच्या साधारण तिप्पट. पायॉनचा मुख्य पुरवठा इथूनच. यांना ओळखायची खूण आकारात आहे. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर बघितली असेल, टँकरमधून रंगाच्या धारा दोन बाजूंना कशा सुसाट जातात? हलक्या क्वार्कचा इव्हेंट तसा, दोन जेट, म्हणजे कणांचे झोत, विरुद्ध दिशांना. आणि बीची जोडी म्हणजे जमिनीवर ठेवलेलं भुईचक्र, बी जागेवरच असल्याने त्याचे तुकडे सगळीकडे सारखे उडतात. हा फरक आकड्यात पकडायला थ्रस्ट आहे, फॉक्स-वोल्फ्रॅम मोमेंट आहेत, आणि हे दहा-बारा आकडे एकत्र करून बूस्टेड डिसिजन ट्रीला (सिग्नल आणि बॅकग्राउंड वेगळे करणारा मशीन लर्निंगचा प्रकार) शिकवतात. शिकवा तुम्हीही, साधी लायब्ररी वापरा. फक्त फोटॉनची ऊर्जा किंवा पुढे ज्यावर फिट करणार ते व्हेरिएबल ट्रीला खायला घालू नका, नाहीतर बॅकग्राउंडमध्येसुद्धा सिग्नलसारखा उंचवटा कोरून देते ती, आणि मग तुम्ही नोबेलचं भाषण लिहायला बसता.

यावरून आठवलं, माझीच फजिती सांगतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी केऑन आणि फोटॉन असा सरळ जोडा लावून बघितला, के-स्टार नाही, साधा केऑन. आणि दिसला की हो उंचवटा, जरा पसरट, जरा डावीकडे सरकलेला, पण उंचवटा. रात्रीचे दोन वाजलेले, झोप उडाली, सकाळी गाईड मॅडमकडे प्लॉट घेऊन पळालो. त्यांनी प्लॉटकडे बघितलंच नाही, एवढंच विचारलं, "स्पिनचा हिशेब केलास का?" आणि मी तिथेच मेलो. बीचा स्पिन शून्य, केऑनचा शून्य. फोटॉन निघतो त्याची हेलिसिटी, म्हणजे चालीच्या दिशेतला स्पिन, एकतर अधिक एक किंवा वजा एक, शून्य त्याला परवानगीच नाही. दोघं एका रेषेत विरुद्ध जाताहेत, त्या रेषेवर सुरुवातीला शून्य होतं आणि शेवटी एक उरतंय, म्हणजे बी ते केऑन अधिक फोटॉन हा डीके होऊच शकत नाही, कुठल्याही जन्मात. मग मला दिसलं ते काय? तो खरा के-स्टार-गॅमाच होता, त्यातला पायॉन मी हरवला होता. पायॉन हरवला की कमीत कमी त्याच्या वस्तुमानाएवढी, १४० एमईव्ही, ऊर्जा कमी पडते, म्हणून सगळं डावीकडे सरकलेलं. तेव्हापासून कुठलाही नवा उंचवटा दिसला की आधी स्पिन मोजतो, मग चहा पितो.

हे "डावीकडे सरकणं" ज्या व्हेरिएबलमध्ये दिसतं ते डेल्टा-ई. बी फॅक्टरीवर एक मोठी सोय असते: बीम कितीवर चालू आहे ते अचूक माहीत असतं, आणि दोन बी सारखे वाटून घेतात, त्यामुळे प्रत्येक बीची ऊर्जा म्हणजे दोन्ही बीमच्या मिळून १०.५८ ची निम्मी, ५.२९ जीईव्ही, हिलाच पुढे बीमची ऊर्जा म्हणतोय. तुम्ही जोडलेल्या कणांची ऊर्जा वजा हे ५.२९, म्हणजे डेल्टा-ई, सिग्नलसाठी शून्याजवळ. आणि दुसरं बीम-कन्स्ट्रेन्ड वस्तुमान: ५.२९ च्या वर्गातून बीच्या मोमेंटमचा वर्ग वजा करून वर्गमूळ, ते ५.२७९ ला येतं, अगदी टोकदार, तीनेक एमईव्हीची रुंदी. इथे एक युक्ती आहे जी पुस्तकात पटकन सापडत नाही. फोटॉनची दिशा डिटेक्टरला चांगली कळते पण ऊर्जा तितकी नाही, आणि ती गडबड दुसऱ्या व्हेरिएबलमध्येही शिरते. म्हणून त्या वस्तुमानाचा हिशेब करताना फोटॉनची मोजलेली ऊर्जा बाजूला ठेवायची, दिशा तीच ठेवायची आणि ऊर्जा "बीमची ऊर्जा वजा के-स्टारची ऊर्जा" एवढी घालायची. टोक लगेच धारदार होतं. तुमच्या खोट्या डेटावर दोन्ही प्रकारे काढून एकावर एक ठेवा, रिपोर्टमध्ये हा प्लॉट घातलात तर परीक्षक खूश होतो.

हेलिसिटी अँगल विसरू नका, तो फुकटचा कट आहे. फोटॉनला शून्य हेलिसिटी चालत नाही म्हणून समोरच्या के-स्टारलाही चालत नाही, त्यामुळे के-स्टारमधून निघणारा केऑन के-स्टारच्या दिशेशी जो कोन करतो त्याचं वितरण साइन-वर्ग येतं, म्हणजे तो बाजूला निघतो, सरळ पुढे किंवा मागे नाही. आणि बी ते के-स्टार अधिक न्यूट्रल पायॉन, म्हणजे आपला तोतया, तिथे के-स्टारची हेलिसिटी शून्य, वितरण कोसाइन-वर्ग, बरोबर उलटं. एक जिथे उंच तिथे दुसरा सपशेल आडवा. तोतयाचा चेहरा बदलता येतो, चाल नाही बदलता येत.

फिट करायला रूट आणि रूफिट जुनंच आहे, पायथनवाल्यांना झेडफिट किंवा आयमिन्युइट, जे आवडेल ते. बीम-कन्स्ट्रेन्ड वस्तुमानात बॅकग्राउंडसाठी आर्गस फंक्शन घ्या, ते बीमच्या मर्यादेला जाऊन बरोबर शून्य होतं. डेल्टा-ईमध्ये सिग्नल साध्या गॉशियनने बसत नाही, कारण फोटॉनचा शॉवर (आदळल्यावर होणारा कणांचा फवारा) डिटेक्टरच्या क्रिस्टलच्या मागून-बाजूने थोडा गळतो आणि ऊर्जा कमीच मोजली जाते, जास्त नाही, म्हणून डाव्या बाजूला शेपूट येतं. त्याला क्रिस्टल बॉल फंक्शन वापरतात, मध्ये गॉशियन आणि एका बाजूला पॉवर लॉ. हे नाव क्रिस्टल बॉल नावाच्या डिटेक्टरवरून आलंय, स्टॅनफर्डच्या स्पिअर रिंगवर सोडियम आयोडाइडच्या ६७२ क्रिस्टलचा गोळा होता तो, आणि चार्मोनियमचे रेडिएटिव्ह डीके मोजायलाच बनवला होता. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही हे फंक्शन वापरताय त्याच कामातून ते जन्मलंय. शेपटाचे पॅरामीटर सिम्युलेशनमधून घेऊन फिक्स करा, डेटावर मोकळे सोडले तर फिट रात्रभर भटकत राहतो.

खऱ्या डेटाकडे जाल तेव्हा सिग्नलची जागा आधी झाकून ठेवा, ब्लाइंड म्हणतात ते. कट सगळे सिम्युलेशन आणि कडेच्या डेटावर ठरवा, मग झाकण काढा. झाकण काढल्यावर कट हलवायचा मोह होतो, प्रत्येकाला होतो.

आकडा किती यायला हवा त्याचा अंदाज आधीच काढून ठेवा. बेलने एकूण ७७ कोटी २० लाख बी जोड्या जमवल्या. त्यातल्या साधारण निम्म्या न्यूट्रल, प्रत्येक जोडीत दोन बी, म्हणजे न्यूट्रल बी परत ७७ कोटीच. गुणिले एक लाखामागे ४.२, आले बत्तीस हजार. के-स्टार तीनातून दोन वेळा चार्ज्ड केऑन-पायॉनमध्ये फुटतो, राहिले साडेएकवीस हजार. समजा तुमची एफिशियन्सी, म्हणजे सगळ्या कटमधून शिल्लक राहणारा वाटा, २० टक्के, हातात आले चारेक हजार. क्लिओच्या तेरापासून इथपर्यंत! (जोडीतला तो "दोन" विसरणं हा सगळ्यात लोकप्रिय घोळ, उत्तर बरोबर दुप्पट किंवा निम्मं आलं तर दुसरीकडे शोधत बसू नका.)

नुसत्या संख्येपेक्षा रेशो जास्त कामाचे असतात, कारण फोटॉनची एफिशियन्सी, जोड्यांची संख्या वगैरे डोकेदुखी वर-खाली कटते. बी आणि अँटी-बीमधला फरक, चार्ज्ड आणि न्यूट्रल बीमधला फरक. हा दुसरा, आयसोस्पिनचा, बेलने २०१७ मध्ये ३.१ सिग्माने, म्हणजे एररच्या ३.१ पटीने, शून्यापासून वेगळा दाखवला. बी ते रो-गॅमा (के-स्टारच्या जागी दोन पायॉनमध्ये फुटणारा रो मेसॉन) करायचं मनात असेल तर मात्र सांभाळून, तो के-स्टार-गॅमापेक्षा पन्नासेक पटीने दुर्मिळ आहे आणि शंभरातले दोन-चार केऑन जरी पायॉन म्हणून खपले तरी तुमचा सिग्नल त्यांच्याखाली गाडला जातो. पहिल्या प्रोजेक्टला नकोच.

खरा डेटा हवाच असेल तर सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर एलएचसीबीचा (तिथल्या मोठ्या प्रोटॉन कोलायडरवरचा बी फिजिक्सचा प्रयोग) २०११-१२ चा डेटा आहे. पण तिथलं गणित वेगळं हे लक्षात ठेवा. प्रोटॉन-प्रोटॉन टक्कर आहे, बीमची सोय नाही, डेल्टा-ई नाही, सरळ बीचं वस्तुमान काढायचं आणि ते फोटॉनमुळे नव्वदेक एमईव्ही रुंद येतं. आणि तोतया तिथे अजून हुशार होतो. पायॉनच्या दोन फोटॉनमधला कमीत कमी कोन म्हणजे वस्तुमानाची दुप्पट भागिले ऊर्जा. बेलमध्ये २.५ जीईव्हीला हा कोन सहा अंश येतो, क्रिस्टल साडेपाच सेंटिमीटरचे आणि सव्वा मीटरवर, म्हणजे दोन फोटॉन दोन वेगळ्या जागी पडतात. एलएचसीबीमध्ये पायॉन ५० जीईव्हीचा, कोन ५.४ मिलिरेडियन, कॅलोरीमीटर (फोटॉनची ऊर्जा मोजणारा भाग) साडेबारा मीटरवर, म्हणजे दोघांत अंतर जेमतेम सात सेंटिमीटर, आणि आतले सेल चार सेंटिमीटरचे. दोन फोटॉन मिळून एकच डाग. तिथे जोडी लावून वस्तुमान काढायचा प्रश्नच येत नाही, डागाचा आकार गोल आहे की लांबट हे बघावं लागतं. तरी त्यांनी त्याच मशीनवर २०१४ मध्ये केऑन आणि दोन पायॉनबरोबर निघणाऱ्या फोटॉनच्या दिशा मोजून दाखवलं की या डीकेतला फोटॉन पोलराइज्ड असतो, ५.२ सिग्मा. मला तर तो पेपर वाचताना हात जोडावेसे वाटले.

बहिणीचं कुठवर आलं ते सांगतो. तिने हजार खोटे प्रयोग चालवले, प्रत्येकाचा फिट केला, आणि पुल म्हणजे मिळालेला आकडा वजा खरा आकडा भागिले एरर, याचं हिस्टोग्राम काढलं. मधोमध शून्य आलं पण रुंदी एक यायच्या ऐवजी १.३ आली. दोन दिवस फोनवर फोन, "दादा फिटच चुकतोय, माझ्याच्याने नाही होत." फिट बरोबर होता. तिने एका इव्हेंटमध्ये तीन-तीन उमेदवार ठेवले होते, तोच फोटॉन वेगवेगळ्या पायॉनबरोबर जोडून, म्हणजे एकच माणूस तीनदा मतदान करून गेला, एरर खोटी लहान झाली. प्रत्येक इव्हेंटमधून एकच उमेदवार निवड म्हटलं, ज्याचं के-स्टार वस्तुमान ०.८९५ च्या सगळ्यात जवळ. काल रात्री भंवरकुआंच्या लायब्ररीतून प्लॉट पाठवला तिने, रुंदी १.०२. रँडम सीड मात्र लिहून ठेवायला विसरली, त्यामुळे आज परत चालवतेय.